प्रात्यक्षिकात कोणी हरत नाही

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज, खांद्यावर जवळपास तिच्याच उंचीची किटबॅग. वय सोळा, अकरावीत. खेळ तलवारबाजी, म्हणजे फेन्सिंग, प्रकार सेबर. तिच्या सरांनी चार ओळींची चिठ्ठी दिली होती: सरावात उत्तम, बाउट (लढत) सुरू झाली की हात आखडतो, मनगट सारखं दुखतं, घरचंही काही असावं, बघा.

पुण्यातल्या शाळकरी खेळाडूंबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर मी समुपदेशक म्हणून काम करते. त्याआधी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण पहिले पाच महिने मी ते चुकीचं वाचलं. कुटुंबाने लिहायला संमती दिली आहे. नावं, शाळा, आखाडा यांतलं काहीच देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

घर आणि आखाडा

घराणं मूळचं मुठा खोऱ्यातलं. मुलीचे पणजोबा पुण्यात आले आणि नारायण पेठेत नदीजवळच्या एका वाड्याच्या अंगणात त्यांनी आखाडा चालवला. लाठी, बोथाटी, फरी-गदका, ढाल-तलवार आणि दांडपट्टा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा तिचे आजोबा, म्हणजे आबा, अकरा वर्षांचे होते. लाठ्या वाहून गेल्या. वाड्याची मागची भिंत बसली. तीन दिवसांनी गाळ उपसताना एक पट्टा हाताला लागला. खंडेनवमीला आजही त्याचीच पूजा होते. पात्यावर एका जागी काळसर डाग आहे, तो घासून काढायचा नाही असा घरातला दंडक. ही गोष्ट मला या घरातल्या चार माणसांनी चार वेळा सांगितली, आणि प्रत्येकाने डागापाशी आल्यावर बोट हवेत तसंच धरून दाखवलं.

पुरानंतर कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलं, पुढे वारज्याला फ्लॅट झाला. आबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. संध्याकाळी देवळामागच्या मोकळ्या जागेत ते आखाडा घेतात. फी नाही. तीसेक मुलं येतात, त्यांत निम्म्याहून जास्त मुली.

वडील चाकणला शिफ्टमध्ये काम करतात. दहावीपर्यंत शिकून त्यांनी पट्टा खाली ठेवला तो ठेवलाच. थोरल्या काकांचा मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. हात चांगला असूनही वेळ मिळत नाही म्हणून त्याचंही सुटलं. उरली ही मुलगी. सहाव्या वर्षी लाठी, नवव्या वर्षी छोटा पट्टा, आणि बाराव्या वर्षी ती जमिनीवर ठेवलेली लिंबं ओळीने दोन फाका करत जायची. आबा म्हणायचे, “माझ्यामागं आखाडा हिच्याच हातात.” नातवंडांपैकी एका मुलीच्या हाती वारसा द्यायचा हे त्यांनी सहज, कुणाला न विचारता ठरवलं होतं. त्यांच्या पिढीच्या माणसाने हे करणं मला आजही मोठं वाटतं. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात असावं.

एका शब्दाने केलेला घोळ

सातवीत शाळेत फॉर्म आला. त्यावर लिहिलं होतं ‘तलवारबाजी’. फेन्सिंगला आपल्याकडे सगळीकडे हाच शब्द आहे, शालेय स्पर्धांच्या परिपत्रकातही. आबांनी आनंदाने सही केली. आपलंच शिक्षण आता शाळेतही मिळणार, असं त्यांना वाटलं. कुणी खोटं सांगितलं नव्हतं. शब्द मात्र एकच होता.

दांडपट्ट्याची मूठ पात्याला आडवी असते आणि हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो. मनगट जवळपास बांधलेलंच. वार येतो खांद्यातून, कोपरातून आणि कमरेच्या वळशातून. पट्टेकरी गोल फिरतो, कारण चारी बाजूंनी माणसं आहेत असं तो धरून चालतो. पाठ एका बाजूला गेली तरी पातं तिथे पोचलेलं असतं. पवित्र्यात पाय एकमेकांना ओलांडत राहतात. सेबरचं सगळं याच्या उलट. हत्यार जास्तीत जास्त पाचशे ग्रॅमचं, मनगटाने आणि बोटांनी चालवायचं. चौदा मीटर लांब आणि दोन मीटरच्या आतल्या रुंदीची पट्टी, समोर एकच माणूस. प्रतिस्पर्ध्याला पाठ दाखवली की पिवळं कार्ड. पुढे जाताना मागचा पाय पुढच्या पायाच्या पलीकडे टाकला तरी पिवळं कार्ड. एका बाउटमध्ये दुसरं पिवळं मिळायची वेळ आली की ते लाल होतं आणि समोरच्याला गुण जातो.

दहा वर्षं रोज संध्याकाळी जे पाय ओलांडायला शिकले, त्यांना रोज सकाळी ओलांडायचं नाही असं सांगितलं जात होतं. मनगटाचंही तेच. संध्याकाळी ते बांधून ठेवायचं आणि सकाळी मोकळं सोडायचं. फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितलं की दुखणं अतिवापराचं आहे, स्नायूंवर दोन परस्परविरोधी सवयींचा भार पडतोय, सहा आठवडे हात हलका ठेवा.

मी वेळापत्रक करून दिलं. पट्टा आठवड्यातून दोनच दिवस, सेबर चार दिवस, रविवार पूर्ण विश्रांती. स्पर्धेच्या आधीचे पंधरा दिवस पट्टा बंद. सर्वांनी मान हलवली.

वेळापत्रक तीन आठवडे टिकलं. १९ सप्टेंबरला गणपती बसले.

पुण्यात आखाड्याचं वर्ष सणांवर चालतं. गणेशोत्सव, मग नवरात्र आणि खंडेनवमी, फेब्रुवारीत शिवजयंती, ६ जूनला रायगडावरचा राज्याभिषेक दिन. शालेय स्पर्धांचं वर्षही पावसाळ्यात सुरू होऊन याच महिन्यांतून जातं. तालुका-जिल्हा, मग विभाग, मग राज्य. मिरवणुकीतल्या खेळाला पोलिसांची परवानगी काढावी लागते. बंदोबस्ताच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारबंदीचे आदेश निघतात, त्यामुळे कोण खेळणार, कोणती हत्यारं, धार बोथट आहे ना, याची यादी आधी द्यायची. त्या यादीत पट्ट्यासमोर तिचं नाव पहिलं. ते काढायचं कुणी? आबांनी काढलं नाही, वडिलांनी विषय काढला नाही, तिने स्वतः तोंडही उघडलं नाही. अनंत चतुर्दशीला ती मिरवणुकीत तासन्तास खेळली आणि रात्री बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसली.

नवरात्रातली स्पर्धा

विभागीय शालेय स्पर्धा नवरात्रातच आली. आबा पहिल्यांदाच बघायला आले. पांढरा सदरा, डोक्याला फेटा, प्रेक्षकांत सर्वांत पुढे. साखळी फेरीतली बाउट पाच गुणांची असते. ती पहिली बाउट पाच-एक हरली. पहिलं पिवळं पाय ओलांडल्याचं. नंतर हल्ला चुकवताना ती सवयीने गोल वळली, पाठ दिसली. दुसरं कार्ड, गुण समोरच्या मुलीला. साखळीतून ती बाहेर गेली.

रिक्षात आबा एक शब्द बोलले नाहीत. खंडेनवमीला पूजेसाठी पाहुणे आले, तेव्हा कुणीतरी विचारलं आणि आबा म्हणाले, “पंचांनी अन्याय केला. आमच्या हाताला त्यांचे नियम लावले.”

“पंच बरोबर होते,” तिने मला नोव्हेंबरमध्ये सांगितलं. “मी पाठ फिरवली होती. आबांनी सगळ्यांसमोर खोटं सांगितलं, माझ्यासाठी. मला खूप वाईट वाटलं. हरल्याचं नाही एवढं.”

तेव्हाही मला ते पूर्ण समजलं नाही. मी भार, झोप, वेळ, परंपरेचं दडपण असले शब्द टिपत राहिले. घरातला जुना माणूस नव्या खेळाला अडवतोय, हे चित्र डोक्यात आधीच तयार होतं आणि येणारी प्रत्येक गोष्ट मी त्यात बसवत होते. आबांनी एकदाही तिला फेन्सिंग सोड म्हटलं नव्हतं. सेबरचा मास्क आणि इलेक्ट्रिक जॅकेट घ्यायला निम्मे पैसे त्यांनी पेन्शनमधून दिले होते. हे मला डिसेंबरमध्ये वडिलांकडून कळलं, कारण मी विचारलंच नव्हतं.

जानेवारीत, मनगट बरं झाल्यावरही हात बाउटमध्ये आखडतच होता. तेव्हा मी एक साधा प्रश्न विचारला, “आखाड्यात तू शेवटची कधी हरलीस?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आखाड्यात हरायचं कसं?”

हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

दहा वर्षं तिने हातात हत्यार धरलं होतं आणि समोर कधी कुणी नव्हतं. लाठी फिरवायची, पट्टा फिरवायचा, लिंबू कापायचं. चुकलं तर पुन्हा करायचं. ठरवून केलेल्या जोडीच्या खेळातही कुणाचा वार कधी हे आधीच पाठ. टाळ्या पडायच्याच. सेबरमध्ये रोज सकाळी वीस-पंचवीस वेळा अंगावर वार बसतो, यंत्राचा दिवा लागतो, सगळ्यांना दिसतं. जिंकणाऱ्या मुलीलाही रोज बसतो. ही मुलगी प्रत्येक लागलेल्या वारात घराण्याचं नाव गेल्यासारखी आक्रसत होती. हात आखडायचा तो तिथे.

तिच्या भिंतीवर भवानी देवीचा फोटो आहे. ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय फेन्सर, तीही सेबरची. टोकियोत २०२१ च्या जुलैमध्ये तिने पहिली बाउट १५-३ जिंकली आणि दुसरी फ्रान्सच्या मानोन ब्रुनेकडून ७-१५ हरली. आबांना ते नावच फार आवडतं. मुलीला मात्र वेगळीच गोष्ट आठवत होती. “हरल्यावर तिने सगळ्यांची माफी मागितली, ट्विटरवर. मला ते आवडलं नाही. हरली म्हणून माफी कशाला?” हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

जोड

आबांशी एकट्याशी बोलायला मी आखाड्यावर गेले. थंडी होती, मुलं निघून गेली होती, ते लाठ्या मोजून गोणपाटात गुंडाळत होते. मी सरळ विचारलं, तुमच्या वडिलांच्या आखाड्यात कुणी हरायचं का?

त्यांनी गोणपाट खाली ठेवलं. फरी-गदक्याच्या लढती व्हायच्या, म्हणाले. फरी म्हणजे छोटी चामडी ढाल, गदका म्हणजे वरून कातडं किंवा कापड गुंडाळलेला दांडका. गदक्याला ओला गेरू लावायचे. लढत संपली की सदऱ्यावरचे डाग मोजायचे. खोटं बोलायची सोयच नाही. त्यांचे वडील गावच्या जत्रेत एकदा चांगलेच रंगून आले होते आणि आजीने तो सदरा धुतला नव्हता, खुंटीला तसाच टांगून ठेवला होता.

“मग बंद का झालं?”

“जोड राहिली नाही, मॅडम. पुरानं माणसं पांगवली. कुणी सहकारनगरला, कुणी गावाकडं. लढतीला जोड लागते. दाखवायला एकटा माणूस पुरतो.”

हे शेवटचं वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं.

एका आखाड्यात पुराने केलं ते बऱ्याच ठिकाणी इतर कारणांनी आधीच होत आलं होतं, असं मला वाटतं. पेशवाई गेली तसा या हत्यारांना मिळणारा रोजगार गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. कुस्तीला संस्थानिकांचा आश्रय राहिला, दंगल राहिली, म्हणून तिच्यात हार-जीत टिकली आणि म्हणूनच गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीपर्यंत जाऊन कांस्यपदक घेऊन येऊ शकले. पट्टा आणि लाठी मिरवणुकीत गेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथे देशी खेळ दाखवून आलं, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायला हवा. पण त्याच शहरात त्याच दिवसांत सेबरची पदकं वाटली जात होती, आणि आपण दाखवायला गेलो होतो.

२०२२ ला पंचकुलात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये गटका, कलरीपयट्टू, थांग-टा, मल्लखांब आणि योगासनं हे देशी खेळ आले. गटक्यात काय असतं? हातात सोटी आणि फरी, समोर जोड, अंगाला लागलेल्या वाराचे गुण. आबांना मी त्याचे व्हिडिओ फोनवर दाखवले. त्यांनी ते तीन वेळा पाहिले आणि फोन परत देताना म्हणाले, “ही तर आपल्या फरी-गदक्याची सख्खी बहीण.”

फेब्रुवारी ते एप्रिल

इथवर गोष्ट सुटत आलीय असं मला वाटत होतं. १९ फेब्रुवारी २०२४ ला, शिवजयंतीला, महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं. आबांनी त्या संध्याकाळी आखाड्यात पेढे वाटले. त्यांचा आनंद मी पाहिला आहे. ज्या गोष्टीसाठी साठ वर्षं पदरमोड केली तिला राज्याने नाव दिलं होतं. आणि त्याचाच परिणाम म्हणून आमंत्रणांची रीघ लागली. शाळा, सोसायट्या, लग्नाच्या वराती, एका कंपनीचा वर्धापनदिन. प्रत्येकाला पट्टा फिरवणारी मुलगी हवी होती. व्हिडिओ फिरायचे, त्यातून पुढची आमंत्रणं यायची.

मार्चमध्ये एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ती जेवताना म्हणाली, “आबा, मी उद्या येणार नाही. परवा निवड चाचणी आहे.”

“शब्द दिलाय मी.”

“तुम्ही दिलाय, आबा. मला विचारलं नव्हतं.”

आबा ताटावरून उठले नाहीत, तेवढं पथ्य त्यांनी पाळलं. पण नऊ दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. वडिलांची बाजू मला समजत होती: खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, फेन्सिंगचं प्रमाणपत्र तिथे चालतं, आखाड्याचं चालत नाही. ते हे आबांसमोर म्हणू शकत नव्हते. म्हटलं तर आयुष्यभराच्या कामाची किंमत नोकरीच्या फॉर्मवर लावल्यासारखं झालं असतं. म्हणून ते नेहमीसारखे दुसऱ्या शिफ्टला निघून जात.

सगळ्यांना एकत्र बसवलं तेव्हा बोलली ती आई. तोपर्यंत प्रत्येक बैठकीत तिने चहा आणि तारखा एवढंच सांभाळलं होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने आबांना विचारलं होतं, मलाही लाठी शिकवाल का? उत्तर मिळालं होतं, घर कोण बघणार? “त्यानंतर अठरा वर्षं मी आखाड्याचे पांढरे कपडे धुतेय,” ती शांतपणे म्हणाली. “माझी तक्रार नाही. पण आबा, मला तेव्हा तुमच्यापुढे नाही म्हणता आलं नव्हतं. हिला म्हणता आलं. ते तुम्हीच शिकवलंय तिला, हातात पट्टा देऊन.”

आबांनी यावर काही उत्तर दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही. पण दहाव्या दिवशी सकाळी साडेपाचला ते तिला सरावाला सोडायला स्कूटरवर घेऊन गेले, आणि सरांना म्हणाले, मला तुमचे नियम समजून घ्यायचेत.

त्या दिवसाबद्दल सर मला उत्साहाने सांगत होते. सेबरमध्ये दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर कुणालाच गुण नाही. पहिला दिवा लागल्यावर १७० मिलिसेकंदांच्या आत दुसराही लागू शकतो. मग गुण कुणाचा हे पंच ठरवतात, हल्ल्याचा हक्क कुणाकडे होता त्यावर. नवशिक्यांना हे वर्षभर डोक्यात शिरत नाही. आबांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, “बरोबरच आहे. समोरून पातं येतंय आणि तुम्ही ते न अडवता वार करताय, म्हणजे दोघंही मेले. आधी आलेला वार मोडायचा, मग आपला द्यायचा. हे तर खरं शस्त्र हातात धरलेल्यानंच लिहिलेलं दिसतंय.” सरांनी त्यांना मुलांसमोर हे पुन्हा सांगायला लावलं. ती बाजूला उभी होती. आबांचे पाय पट्टीच्या रेषेच्या आत होते, असं तिने नंतर मला सांगितलं. तिचं लक्ष तिथे होतं.

काय ठरलं

कागदावर फार काही नाही. स्पर्धेच्या मोसमात खोबळ्यात हात घालायचा नाही. आमंत्रण आलं की आधी तिला विचारायचं आणि तिचं नाही ऐकल्यावर कारण मागायचं नाही. हा दुसरा भाग आबांना जड गेला, अजूनही जातो. दोनदा त्यांनी कारण विचारलं आणि तिने दोन्ही वेळा सांगितलं. मिरवणुकीतला पट्टा हिंजवडीतल्या चुलतभावाने उचलला. शनिवार-रविवार येतो. हात अजून पूर्वीसारखा नाही, पण यायला लागला आहे.

फरी-गदका मात्र तिने मोसमातही ठेवला. त्यात मनगट मोकळं असतं, समोर जोड असते आणि वार लागतो. सरांना हे पटायला वेळ लागला, कारण पायांचा प्रश्न होताच. त्यावर तोडगा आबांनीच काढला. देवळामागच्या जागेत चुन्याने दोन समांतर रेषा मारल्या आणि सांगितलं, हिच्याशी लढताना सगळ्यांनी याच्या आतच लढायचं. गेरूही परत आला.

२०२४ च्या १ ऑगस्टला स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो रेल्वेत पुण्यालाच नोकरीला, सराव बालेवाडीला. वडिलांनी पेपरमधला फोटो कापून फ्रिजवर लावला. आबांनी तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, याच्या घरी आधी कुणी बंदूक धरली होती का? नसावी, म्हटल्यावर “हं” म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

त्या वर्षी ती जिल्ह्यात दुसरी आली. विभागीय स्पर्धेत उपांत्य बाउट १५ गुणांची होती. आठ-चारने मागे पडूनही ती तेरापर्यंत आली आणि १५-१३ हरली. पिवळं कार्ड एकही नाही. आबा पुन्हा पुढच्याच रांगेत होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “तेराव्यानंतर तू मागं का सरकलीस?” ती म्हणाली, “घाबरले.” ते म्हणाले, “हां, दिसलं मला.” मग दोघांनी कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली. मला हे फोनवर सांगताना ती हसत होती.

प्रश्न संपलेले नाहीत. बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहून सराव करायचा, असं सर सुचवतात. वडील तयार आहेत, आई म्हणते आधी मार्क बघू. आबा त्या विषयावर बोलत नाहीत. गेली की आखाडा कुणाकडे, हे त्यांना अजून उमगलेलं नाही, आणि मलाही त्यावर काही सुचवता आलेलं नाही. मनगट थंडीत अजून दुखतं.

गेल्या डिसेंबरमध्ये रविवारच्या फरी-गदक्यात एक नऊ वर्षांची मुलगी हरली. सदऱ्यावर पाच डाग. ती रेषेबाहेर जाऊन रडायला लागली, थांबेना. आबांनी साठ वर्षांत आखाड्यात हरून रडणारं मूल पाहिलं नव्हतं. त्यांनी नातीला फोन लावला. ती बालेवाडीला होती, मास्क काखेत धरून तिने फोन घेतला.

“काय करू गं हिला?”

“तिला विचारा आबा,” ती म्हणाली, “पहिला डाग कुठला पडला.”